पऱ्हाटीचा कोळसा

वर्धा
१२ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार केलाय, तो घे किंवा नको घेऊस, पण पुढचं वाच. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर तू मला ब्लॉक केलंयस हे मला तीन महिन्यांनी कळलं, तोवर मी रोज सकाळी तुला फुलं पाठवत होते. पत्राचं बरं असतं, ते ब्लॉक करता येत नाही. आणि तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. घरात आलेला कागद, मग तो किराण्याच्या पुडीचा का असेना, वाचल्याशिवाय तू चुलीत घालत नाहीस.

तर कारण असं की कोळसा संपला.

तू भरून दिलेला बिस्किटांचा डबा मी सव्वा वर्ष पुरवला. शेवटी शेवटी नखाएवढे तुकडे चिमट्यात धरून चित्रं काढली. काल शेवटच्या तुकड्याने एका म्हशीचे शिंग काढले, दुसरे निम्म्यावर राहिले. आता ती म्हैस एका शिंगाने माझ्याकडे बघत टेबलावर पडली आहे.

तू मला नेहमी विचारायचीस, "दिवसभर काय करून राह्यते वं तू त्या खोलीत?" मी कधी धड उत्तर दिलं नाही. मला वाटायचं, तू थट्टा करतेस. आता विचारणारं कोणी नाही, तर सांगते. सकाळी सहाला उठते. टेबल खिडकीशी आहे, ऊन थेट येत नाही अशा बाजूला. पहिला अर्धा तास काही कामाचं काढायचं नाही, हा माझा नियम. समोर जे असेल ते काढायचं. घरमालक अण्णाजींची दोरीवर वाळत घातलेली बंडी, चहाची गाळणी, माझाच डावा पाय. हात सैल झाला की मग पुस्तकाचं काम. सध्या एका गोष्टीत अठरा म्हशी आहेत. लिहिणाऱ्याचं काय जातं, 'अठरा म्हशी' म्हणून मोकळा झाला. काढायला आम्ही.

सामान फार नाही. तुझा कोळसा. बोरू, तो मी स्वतः तासते. पावाचा मऊ गाभा, कोळसा खोडायला; त्यावरून तू म्हणायचीस, "मानसाले खायाले नाई अन् हे कागदाले पाव चारते." आणि एक शून्य नंबरचा ब्रश, बारीक कामाचा. तो सोळा वर्षं जुना आहे. त्या ब्रशाबद्दल मला तुला काही सांगायचं आहे, पण आज नको.

दुसरी बातमी सांगू की नको असं करत होते. 'टोपलीतला बाजार' पुन्हा छापायचं चाललंय. पुण्याहून संपादक बाईंचा फोन आला होता. तू आत्ता कपाळाला आठ्या घातल्यास, मला इथून दिसतंय.

कोळसा पाठव असं म्हणत नाही. संपला, एवढंच कळवलं. भाऊजींना नमस्कार.

तुझी
आचल


वर्धा
२१ जानेवारी

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनची सायकल वाजली की मी तीनदा खाली जाऊन आले.

मग म्हटलं, एवढं काय त्यात, आपला कोळसा आपण करू. आर्वी नाक्यापलीकडे एका शेतात कापूस वेचून झालेली पऱ्हाटी उपटून ठेवली होती, तिथून विचारून भारा आणला. पेन्सिलीएवढ्या सरळ काड्या निवडल्या, साली सोलल्या, दुधाच्या पावडरच्या डब्यात उभ्या गच्च बसवल्या, झाकण लावून मातीने लिंपलं आणि डबा गॅसवर ठेवला. वीस मिनिटांनी असा आवाज झाला की झाकण छताला लागून परत आलं. खोलीभर धूर. अण्णाजी धोतर सावरत जिना चढून आले. "काय वं पोरी, सिलेंडर फुटलं का?" मी म्हटलं, चित्रकलेचं सामान करतेय. ते म्हणाले, "चित्रकला हाय का फटाक्याचा कारखाना?"

झाकणाला खिळ्याने भोक पाडायचं मी विसरले होते. तू कधी विसरली नाहीस. भाकरी झाल्या की चुलीतल्या इंगळांत डबा सरकवायचीस, भोकातून धूर यायचा थांबला की बाहेर काढायचीस आणि थंड होईपर्यंत मला हात लावू द्यायची नाहीस. मी घाई करायचे, कारण मला काळ्या झालेल्या काड्या बघायच्या असायच्या. "आता उघडला तं राख होते, मंग रडजो." चित्रकलेच्या शाळेची पायरी मी चढले, परीक्षा दिली, पण माझ्या धंद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं सामान कारंज्याच्या आपल्या चुलीत तू करत होतीस, आणि लग्नानंतर तळेगावच्या चुलीत. हे मी कुठे कधी बोलले नाही. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, तेव्हाही मी म्हटलं, "कोळसा मी घरीच बनवते." घरी, म्हणे.

आईचा फोन आला होता. म्हणाली, "तुह्यं पत्र भेटलं सरीले. वाचलं बी. बोलली काहीच नाई. पिठाच्या डब्याखाली ठेवलं म्हने." मला हे ऐकून इतका आनंद झाला की आईला वाटलं, मला पुरस्कार मिळाला.

म्हणून आता त्या दिवाळीचं लिहिते. मी गेलं सव्वा वर्ष लोकांना सांगत आलेय की तू उगाच रुसलीस. खरं काय झालं ते आपल्या दोघींना माहीत आहे. पुस्तक नवं कोरं आलं होतं. आईने ते सगळ्यांसमोर उघडलं. "पाह्य वं सरे, तू पुस्तकात आली!" टोपली घेऊन बसलेली बाई, तुझा आडवा भांग, तुझी कानातली, वांग्याचा भाव सांगताना एक भुवई वर जायची सवय. शेजारपाजारचे म्हणाले, किती सुंदर, हुबेहूब. भाऊजी तेवढे गप्प होते. तू पानं उलटत गेलीस आणि विचारलंस, "ही कोन हाय?"

मी हसून म्हटलं, "अगं तूच!"

"माह्या हाताले काय झालं?"

"काही नाही झालं. छान आलेत की हात."

"तेच म्हनून राह्यली मी."

तुझ्या हातांवर आणि ओठापाशी जे पांढरे डाग आहेत, चौदा वर्षांची असल्यापासून आहेत, ते मी चौदाच्या चौदा पानांवर काढले नव्हते. सगळीकडे सारखा तपकिरी रंग भरला होता. तू उठलीस, हात धुतलेस आणि फराळाला हात न लावता संध्याकाळच्या एसटीने निघालीस. मी फाटकापर्यंत मागे आले. आणि तिथे मी जे म्हटलं ते आठवलं की माझे कान गरम होतात. "मी तुला सुंदर काढलं, आणि तूच तोंड फुगवतेस?"

ते वाक्य तुझ्या मनात घर करून बसलं असणार. माझ्याही बसलंय. त्याची माफी मागते. अजून एका गोष्टीची मागायची आहे, पण त्याला मला आणखी एक पत्र लागेल.

आचल


वर्धा
१ फेब्रुवारी

ताई,

चार कागद फाडले, हा पाचवा. सरळ लिहिते.

आर्वीकडचं स्थळ आठवतं ना? तू एकवीसची होतीस, मी पंधराची. बाबांनी तुला स्टुडिओत नेलं होतं. प्रभाकररावांच्या. लाल पडद्यासमोर, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. फोटो धुऊन आला आणि बाबा तो कितीतरी वेळ उन्हात धरून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी तू वांगी तोडायला वावरात गेली होतीस, तेव्हा त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, "तुह्या हातात कला हाय. एवढं झाकून दे."

ते मी झाकलं, ताई. प्रभाकररावांनी नाही.

दुपारभर बसले होते. काडीला कापूस गुंडाळून, रंग थेंब थेंब लावून. ओठापासचा आधी, मग हात. मला त्या वेळी अजिबात वाईट वाटलं नाही, हेच तुला सांगायला सगळ्यात जड जातंय. मला मजा येत होती. रंग असा जुळला होता की कुठे हात फिरवला ते मलाच ओळखू येईना. आईने दृष्ट काढली माझी. बाबा वर्ध्याला गेले तेव्हा माझ्यासाठी शून्य नंबरचा ब्रश घेऊन आले, बक्षीस म्हणून. माझ्या आयुष्यातला पहिला खरा ब्रश. तोच अजून वापरते.

पुढचं तुला सांगायला नको. मुलाची आत्या, पोहे खाता खाता तिने तुझा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि खाली ठेवला. "फोटोत तं हे नव्हतं." चहा अर्धा टाकून ते गेले. तू आत येऊन एवढंच म्हणालीस, "त्या स्टुडिओवाल्याचं वाटोळं होईन." बाबा काही बोलले नाहीत. आई काही बोलली नाही. मी तर चिमणीसारखी दाराआड उभी होते. आणि मग सोळा वर्षं तू प्रभाकररावांना शिव्या घातल्यास आणि मी दर वेळी मान हलवली.

कैलास भाऊजींचं मात्र मला तेव्हापासून कौतुक आहे. बाबांनी फोटो पुढे केला, तर म्हणाले, "फोटो राहू द्या मामाजी. तळेगावच्या बाजारात दोन वर्षापासून माह्या बाजूले बसते सरिता. पाह्यली हाय." बाबांना किती सुटल्यासारखं झालं होतं. मला पण. मला वाटलं, चला, मिटलं.

लोक मला विचारतात, चित्र का काढता? शाळांमधून बोलावतात, तिथे मुलं विचारतात. मी ठरलेलं उत्तर देते, मुलांना आनंद मिळावा वगैरे. खरं उत्तर त्या दुपारी आहे. मी हात फिरवला की गोष्ट आहे त्यापेक्षा बरी दिसते आणि घरातले खूश होतात, हे मला पंधराव्या वर्षी कळलं आणि मी ते सोडलंच नाही. गळकं कौल काढताना मी ते सरळ करते. म्हातारीला दात देते. तुझ्या हातांनाही मी तेच केलं, आणि करताना माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. हात आपोआप भरत गेला. सवयच झाली होती त्याला.

आता तू मला काय वाटेल ते म्हण. मला मनापासून वाईट वाटतंय, आणि ते मी लिहून टाकलं म्हणून थोडं बरंही वाटतंय. दोन्ही खरं आहे.

आचल


वर्धा
९ फेब्रुवारी

ताई,

आई म्हणाली, गेल्या पत्रानंतर तू दोन दिवस कोणाशीच बोलली नाहीस आणि तिसऱ्या दिवशी आईशी फोनवर कडाक्याचं भांडलीस. आई रडत होती. मी म्हटलं, आई, रडू नकोस, भांडली ना, म्हणजे बोलली.

आता कामाचं सांगते, कारण तारीख जवळ आली. वीस तारखेला पुस्तकाची पानं छपाईला जायची आहेत. मी संपादक बाईंना सांगितलं, चौदा पानांवरचे हात मला पुन्हा काढायचेत, आणि चेहरा. का, ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "हरकत नाही हो, पण पांढरे डाग छापून आले तर लोकांना मुद्रणदोष वाटेल. प्रती परत येतील." मी म्हटलं, आल्या तर येऊ देत. मी अशी कधी बोलत नाही, त्याच घाबरल्या. शेवटी हो म्हणाल्या.

मग मी अट घातली. ताईने होकार दिला तरच हात पुन्हा काढीन. तिने नको म्हटलं, किंवा वीसपर्यंत काहीच कळवलं नाही, तर पुस्तक दुसऱ्यांदा निघणार नाही. जुन्या चित्रांसकट तर नाहीच. तसं मी लेखी पाठवलंय. पहिल्या वेळी तुला न विचारता तुला बाजारात बसवलं, आता विचारतेय. सव्वा वर्षं उशिरा, पण विचारतेय.

बाजारातून थोडा कोळसा आणला, विकतचा, ठिसूळ. काल सकाळी कच्चं काढायला बसले. कोळशाने पांढरा डाग काढता येत नाही, ताई. तो काढायचा म्हणजे आजूबाजूचं सगळं काळं करत जायचं आणि तेवढा कागद मोकळा सोडायचा. एकदा हात फिरला की पावाने कितीही पुसा, तो कागद पहिल्यासारखा होत नाही. म्हणजे मोकळं कुठे सोडायचं ते आधी पक्कं माहीत पाहिजे.

आणि मला ते माहीत नाही.

तासभर बसले होते. तुझं सगळं आठवतं मला. सांभाराची, म्हणजे संपादक बाईंच्या कोथिंबिरीची, जुडी तू कशी सुटसुटीत बांधतेस, पारडं वर गेलं की कशी एक वांगं वरून टाकतेस, टोपली उचलताना आधी पदर कुठे खोचतेस. डोळे मिटून काढीन. पण डाग? डाव्या अंगठ्यावर आहे की उजव्या? बोटांच्या पेरांवर किती? ओठाच्या कुठल्या बाजूला? लहानपणापासून आपण एका ताटात जेवत आलो, तू माझी वेणी घातलीस, आणि मला येत नाही. मी चित्रकार आहे. बघायचं हाच माझा धंदा. आणि मी तुझ्या हातांकडे तेवीस वर्षांत एकदाही धड बघितलेलं नाही. सौजन्य म्हणून बघत नाही, असं मला वाटायचं.

अंदाजाने काढता आले असते. तुला सोडून कोणाला कळणार होतं? पण कोळसा उचलला आणि ठेवला.

तर हे विचारणं दोन्हींचं आहे. काढू का? आणि काढू, तर कुठे कुठे आहेत ते सांगशील का?

वाट बघते.
आचल


तळेगाव (श्यामजी पंत)
१५ फेब्रुवारी

आचल,

मले तुह्यासारखं लिहिता येत नाई. बोलते तसंच लिहून राह्यली. तुह्ये भाऊजी उद्या वर्ध्याले जाऊन राह्यले मोटरच्या कामानं, त्याईच्या हातानं देते.

पहिले तं तुह्या त्या पत्राचं. लय राग आला. तुह्यापेक्षा आईचा आला. तू पोट्टी होती, तुले काय समजत होतं? पन ते दोघं तं मोठे होते. आईले म्हटलं, सोळा वर्ष माह्या तोंडून त्या गरीबाले शिव्या देववल्या तुमी. बँकेच्या खात्याचा फोटो मी आर्वीले जाऊन काढला, पन त्याच्या दुकानाची पायरी नाई चढली. परवा कारंज्याले गेलती. दोन किलो वांगे अन् सांभार घेऊन गेली प्रभाकररावाच्या दुकानात. म्हतारा झाला बिचारा. म्हने, "बाई, कायचे वांगे?" मी म्हटलं, मागचं हाय काही, ठेवा. त्याले काही समजलं नाई. वांगे ठेवून घेतले पन.

आता दिवाळीचं. तुले अजून बी पुरतं समजलं नाई, म्हनून सांगते. डाग नाई काढले याचा राग नव्हता. त्या बिन डागाच्या बाईले पाहून सगळे म्हने हुबेहूब सरिता. माह्या घरच्यायले बी म्हनावं वाटलं नाई का हे सरिता नाई. मले वाटलं, मी मेली तं मांगं हेच राहीन. ह्यायले हेच पाह्यजे होती.

तुह्ये भाऊजी एसटीत बोलले होते. म्हने, "मी तं नाई ओळखलं तुले त्या पुस्तकात."

डब्यात कोळसे हाय. औंदाच्या पऱ्हाटीचे, सरळ सरळ काड्या पाहून केले. दोन डबे केले, एक पुरन नाई तुले अठरा म्हशीले. झाकनाले भोक हाय, दुसऱ्यांदा तोच डबा वापरजो. अन् गॅसवर ठेवू नको बाप्पा, कोन्या म्हताऱ्याचा जीव घेशीन.

डब्याच्या खाली मोठा कागद गुंडाळून ठेवला हाय. सांभाळून उघडजो. काल स्वयपाक झाल्यावर दोन्ही हात त्याच्यावर ठेवले, एक एक करून, अन् भोवताल कोळसा फिरवला. मंग अंदर काळं भरत गेली. जिथं डाग हाय तिथं कागदाले हात नाई लावला. तू म्हनते तसंच, मोकळं सोडलं. मले काही चित्र येत नाई, बोटं वाकडे आले. पन डाग बरोबर हाय, मोजून मोजून केले. डावा अंगठा अख्खा, उजवा अर्धाच. करंगळी दोन्हीकडची डागातून सुटली हाय. उजव्या मनगटावर एक हाय तो आपल्या जिल्ह्याच्या नकाशासारखा दिसते, तो मले बी कालच समजला. दीड तास बसली होती. माह्ये हात मी बी एवढे कधी पाह्यले नव्हते. वाईट नाई वं दिसत.

तं काढ. चौदाच्या चौदा पानावर काढ. पुस्तकं वापस आले तं मी इकून देईन बाजारात, वांग्यावर एक फुकट.

हात देल्ले तुले. तोंडाचा डाग मात्र कागदावर ठेवता येत नाई. तो दिवाळीपासून वाढला बी हाय, ओठाच्या खाली आला. तो आईले विचारू नको अन् अंदाजानं बी काढू नको. वीस तारखेच्या आत ये अन् पाहून जा. सकाळी येजो, उजेड चांगला राह्यते आंगनात. मी बसून राहीन तुह्यासमोर, पाह्यजे तेवढा वेळ पाह्यजो.

सरिता